कोपऱ्यातलं नाव

सुधीरला ते कळलं अंगठ्याने. ट्रेसिंग पेपरवर शाईची रेघ चुकली की ती ब्लेडने खरवडतात, आणि खरवडलेल्या जागी कागद किंचित केसाळ होतो. नखाने कितीही घासा, अंगठ्याला कळतंच. नेरूळच्या एका सोसायटीचं ड्रॉइंग त्याने प्रिंट काढायला उचललं, तेव्हा त्याचा अंगठा उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात अडखळला. तिथे दोन घरं असतात, ‘ड्रॉन’ आणि ‘चेक्ड’. काढणाऱ्याच्या घरात त्याने स्वतः ‘एस. के.’ लिहिलं होतं. आता तिथे ‘जे. पी.’ होतं. तपासणाऱ्याच्या घरातही ‘जे. पी.’च.

जे. पी. म्हणजे जयप्रकाश. बेलापूरच्या सीबीडीत रशीदसाहेबांचं आर्किटेक्टचं ऑफिस होतं, तिथला जुना तपासनीस. सुधीर तिथेच अकरा वर्षं ड्राफ्ट्समन. त्या दुपारी सगळे डबा खायला गेले, तेव्हा सुधीरने कपाटातली दोन वर्षांची ट्रेसिंगं चाचपली. त्याने काढलेली एकतीस होती. एकतीसच्या एकतीस केसाळ.

१९९४ सालचा हा श्रावण. दिवाळीला ऑफिसातले चीफ ड्राफ्ट्समन निवृत्त व्हायचे होते. त्या जागेवर दोघांचा डोळा होता, सुधीरचा आणि जयप्रकाशचा. आणि रशीदसाहेबांची रीत सगळ्यांना माहीत होती. ते कुणाची मुलाखत घेत नसत. कपाट उघडत आणि कोपरे बघत.

जयप्रकाशला दोन वर्षांपासून वेदान्ताचा नाद लागला होता. वाशीला कुठे तरी दर रविवारी प्रवचन असे, त्याची शिळी पोळी तो सोमवारी डब्यासोबत सगळ्यांना वाढी. सुधीर त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“जयप्रकाश, माझं नाव खरवडलंत?”

जयप्रकाशने घास संपवला. “कुणाचं?”

“माझं. एस. के.”

“हेच तर. ‘माझं’ म्हणतोयस तो कोण, ते शोध आधी. हात म्हणजे सुधीर? पेन म्हणजे सुधीर? ‘मी’ हा नुसता भास आहे रे. दोन अक्षरांचं एवढं टेन्शन? काम ऑफिसचं, ऑफिसने काढलं.”

“मग जे. पी. कशाला लिहिलंत? ऑफिस लिहायचं.”

“काही तरी लिहावं लागतं बाबा. व्यवहार आहे.”

बाकीचे हसले. सुधीरचे कान लाल झाले. साहेबांकडे जावं, तर तिथेही हेच होणार होतं. त्याला वरच्या आवाजात बोलताच येत नसे. त्याच्या तोंडून खरी तक्रारही खोटी वाटे.

म्हणून त्याने दुसरी वाट धरली. जयप्रकाशचाच उपदेश प्रामाणिकपणे करून बघितला. रोज सकाळी करावे गावाजवळच्या आपल्या घराच्या बाल्कनीत अर्धा तास बसायचं. राग आला की विचारायचं, कुणाला आला? उत्तर शोधायचं. ते सापडत नाही तोवर राग विरून जाई. उपयोग झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढलं नाही तरी तो चिडेना. वरच्या बिऱ्हाडाचे धुतलेले कपडे त्याच्या सुकलेल्या कपड्यांवर ठिबकत, तरी त्याने मान वर केली नाही.

“अहो, चहात साखर नव्हती आज,” त्याची बायको वैजयंती म्हणाली. “बोलला नाहीत काही. बरं नाहीये का?”

एकाच ठिकाणी उपदेश चालेना. अंगठा. एकतीस केसाळ जागा त्याला अजून जशाच्या तशा आठवत होत्या. पण महिन्याभराने एक गोष्ट लक्षात आली. जयप्रकाशच्या टेबलापाशी गेलं तरी आता कान तापत नव्हते. भीती होती ती ‘मी’ची, ‘मी’बरोबर गेली. डूख मात्र राहिला. त्याला धनी लागत नसावा.

मग सुधीरने जिना काढला.

सीवूड्सजवळ होणाऱ्या एका सोसायटीचं काम होतं. मजल्याची उंची दोन हजार आठशे पन्नास मिलिमीटर, पायरी दीडशेची. म्हणजे पायऱ्या एकोणीस. सुधीरने सतरा काढल्या. पायऱ्या मोजणं हे तपासनिसाचं पहिलं काम. जयप्रकाशने मोजल्या तर चूक दुरुस्त होईल आणि गोष्ट तिथेच संपेल. बांधकामाला अजून अवकाश होता, कुणाचा पाय मोडणार नव्हता. कोपऱ्यातलं घर सुधीरने रिकामं ठेवलं.

“तुमचं पटलं मला,” ड्रॉइंग देताना तो म्हणाला. “नाव घातलंच नाही.”

“बघ! किती हलकं वाटतं की नाही?” जयप्रकाशने तिथल्या तिथे पेन उघडलं आणि दोन्ही घरं भरली. पायऱ्यांकडे त्याने पाहिलंही नाही.

सोसायटीची माणसं प्लॅन बघायला आली, तेव्हा सुधीर प्रिंटची गुंडाळी घेऊन भिंतीशी उभा होता. खजिनदार सीताराम नावाचे निवृत्त गृहस्थ होते. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. त्यांनी ना हॉल बघितला ना किचन. पेन्सिल काढली आणि पायऱ्या मोजल्या.

“सतराच? मग मी वर पोचतच नाही, साहेब. फूटभर खालीच लटकतोय. शेवटची उडी मारायची का, या गुडघ्यांनी?”

मंडळी हसली. रशीदसाहेब हसले नाहीत. त्यांनी कोपरा बघितला. “काढलंय तुम्ही, तपासलंयही तुम्हीच. जयप्रकाश?”

जयप्रकाशच्या कपाळावर घाम आला. “साहेब, खरं म्हणजे... हे सुधीरने काढलंय.”

“कुणी?” सुधीरने विचारलं. त्याचा आवाज स्वच्छ होता. “हात म्हणजे सुधीर, की पेन म्हणजे सुधीर? मी पुष्कळ शोधलं, जयप्रकाश. तुम्ही म्हणालात तसंच आहे. नाही सापडला.”

जयप्रकाश वाकून पायऱ्या मोजायला लागला. सुधीर ते बघत राहिला. आणि त्याच क्षणी, शोधायच्या आधीच, त्याला आपल्या आत ‘मी’ सापडला. छाती काढून उभा होता. महिनाभराच्या बैठकांनी त्याचा केसही वाकडा झाला नव्हता.

मंडळी गेल्यावर साहेबांनी सुधीरला आत बोलावलं. कपाट उघडं होतं.

“यात तुझं नाव कुठेच नाही. दोन वर्षं करत काय होतास?”

हात पुढे करून एवढंच म्हणायचं होतं: साहेब, इथे अंगठा फिरवा. साहेबांनी मानलंही असतं. पण एकतीस ड्रॉइंगं आपली म्हटली की बत्तिसावंही आपलं म्हणावं लागणार होतं. त्यातल्या सतरा पायऱ्यांसकट. नाव घेतलं तर जयप्रकाश सुटत होता.

सुधीर गप्प राहिला. साहेबांनी कपाट लावलं.

दिवाळीआधी निकाल लागला. जयप्रकाशकडून तपासणी काढून घेतली, त्याला प्रिंटच्या खोलीत बसवलं, मशीनच्या अमोनियाच्या वासात. चीफच्या जागेवर ठाण्याहून कुणी तरी बाहेरचा आणायचं ठरलं.

“मिळाली का जागा?” दार उघडता उघडता वैजयंतीने विचारलं.

“नाही.”

“अरे देवा. मग चेहरा का असा उजळलाय?”

“त्यालाही नाही मिळाली.”

“अकरा वर्षं झाली, अहो.”

“हो,” तो म्हणाला, हातपाय धुऊन पानावर बसला, आणि रोजच्यापेक्षा एक पोळी जास्त खाल्ली.