बस्त्यातली उभी नवरी

विट्याच्या पेठेत आमचं लग्नाच्या कापडाचं दुकान होतं. आजोबांनी ते पाठीवर गठ्ठे वाहून उभं केलं, वडिलांनी, म्हणजे आबांनी, वाढवलं आणि शालूंनी त्याचं नाव काढलं. ही गोष्ट माझ्या भावाकडून ऐकावी. तो फार गोड सांगतो. मी सांगते ती त्याच दुकानाची, पण गोड नाही.

तेव्हा बस्ता बांधायला, म्हणजे लग्नाची सगळी कापडं एकदम घ्यायला, दोन्हीकडची माणसं यायची. कुंडल-पलूसकडून ट्रक भरून यायची. फक्त नवरीला आणायची पद्धत नव्हती. मग शालू अंगावर कसा दिसेल हे कळायचं कसं? आबांनी उपाय काढला. मी चौदाची होते. त्यांनी मला दुकानातल्या गादीवर उभं केलं, निऱ्या हातात दिल्या, पदर डोक्यावर ओढला. ज्या शालूकडे बायका ढुंकून बघत नव्हत्या, तो लगेच पसंत पडला.

मग काय, माझी त्यातून सुटकाच नाही. दुष्काळ सरला, परमुलखात सोनं गाळणारे गलाईवाले हात सैल सोडून घरची लग्नं करू लागले आणि उन्हाळाभर शालूमागून शालू माझ्या अंगावरून जायचे. जरीने मान खरचटायची. बायका मला गर्रकन फिरवायच्या, हनुवटी धरून म्हणायच्या, "आमची पोरगी हिच्याहून सावळी हाय, दुसरा काढा." खरं सांगायचं तर सुरुवातीला मला ते आवडायचं. मूर्खच होते.

विसाव्या वर्षी पलूसचं स्थळ आलं. मुलगा फौजेत होता. त्याचा फोटो मी तीनदा चोरून बघितला. पसंती झाली, सुपारी फुटायची तेवढी राहिली आणि मध्यस्थ निरोप घेऊन आला.

"आवं, पोरगी लय चांगली हाय. पण मुलाची आई म्हणती, साऱ्या तालुक्यानं तिला नवरी झालेली बघितलीया. आमच्या मांडवात लोकांनी आता नवं काय बघायचं?"

पुढची दोन स्थळंही त्याच कारणाने फिरली. आबा कपाळाला हात लावून म्हणाले, "लोक असा इचार करत्याल, हे मला काय ठावं!" मला त्यांची कीव आली. उलट मीच त्यांची समजूत घातली.

पुढे भावाचं लग्न झालं. वहिनी माझ्याहून उंच, उजळ. एके दिवशी मी तापाने माडीवर पडले होते आणि खाली बस्ता शालूवर अडला होता. भाऊ आबांना म्हणाला, "हिला उभी करू का? घटकाभराचं तर काम हाय."

आबा कडाडले, "डोकं फिरलं का तुझं? घरची सून हाय ती. तुझ्या आईला तरी मी कधी गादीवर उभं केलं का? लोक काय म्हणत्याल?"

माडीवर शब्द न् शब्द ऐकू आला. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्या क्षणी बाप मनातून जो उतरला, तो परत कधी चढला नाही.

मग जिन्यातून आबांची हाक आली, "उठतीस का गं जरा? माणसं खोळंबल्यात."

लोकांना वाटतं मी भांडले असेन. मी उठले. कठड्याला धरून खाली गेले आणि शालू अंगावर घेऊन उभी राहिले. तापाने गाल लालभडक झाले होते.

"आगं बया," एक बाई म्हणाली, "काय त्याज आलंय पोरीच्या तोंडावर! ह्योच बांधा."

आबा हसले आणि माझ्या अंगावरचा शालू उतरवून त्याची घडी घालू लागले.