गोण्यांचा बंधारा

दर वर्षी पाऊस सरला की रत्नागिरीतला आमचा सेवाभावी क्लब वरच्या गावातल्या पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, बंधारा घालतो. सिमेंटच्या रिकाम्या प्लास्टिकच्या गोण्या मातीने भरायच्या, निळ्या दोरीने तोंडं बांधायची आणि रचायच्या. त्यामुळे गावच्या विहिरींना उन्हाळ्यापर्यंत पाणी राहतं. पुढच्या पावसात बंधारा वाहून जातो.

यंदा हा पऱ्या जिला मिळतो ती खाडी साफ करायला गेलो. कांदळवनाच्या मुळांत प्लास्टिकच्या चिंध्या गच्च अडकलेल्या. "लोकांना काही लाज?" मी ओढता ओढता ओरडलो. हातात आलेल्या चिंधीला निळी दोरी होती.

तेवढ्यात वरच्या गावातल्या सरपंचबाईंचा फोन आला. "दादा, पऱ्याचं पाणी उतरायला लागलं. कधी येताय?"

"रविवारी," मी म्हटलं. "गोण्या जमवून ठेवा."