मिरचीचा खोकला

दोन हजार वीस साल. मी तेव्हा सदुसष्ट वर्षांचा होतो आणि खोकल्याला भीत नव्हतो. वाघाला भीत होतो, कारण वाघ आमच्या ओळखीचा. त्याच मोहफुलांच्या दिवसांत शेजारच्या गावची एक बाई फुलं वेचायला गेली आणि तिची नुसती टोपली घरी आली. खोकल्याची भीती मात्र मला एका दिवसात शिकावी लागली.

टाळेबंदी लागली तेव्हा आमच्या भागातली बरीच माणसं तेलंगणात मिरची तोडायला गेलेली होती. दरवर्षीच जातात. बस बंद, रेल्वे बंद, म्हणून ती जंगलातून पायी परत निघाली. अशा माणसांसाठी परदेशातली एक मोठी संस्था काम करते. पोटासाठी गाव सोडलेला माणूस कुठल्याही मुलखाचा असो, त्याला वाटेत पाणी, जेवण, निवारा मिळावा एवढं ती पाहते. तिची चंद्रपूरची एक बाई आधीच आमच्या गावी येऊन गेली होती. माझं शिक्षण दुसरी नापास. पण मला गोंडी येते, कामापुरती तेलगू येते, आणि आमच्या जंगलातली वाट मला विचारल्याशिवाय वळत नाही. बाईनं मला स्वयंसेवक केलं, निळं जाकीट दिलं. पगार नाही. बायको म्हणाली, "फुकटचा शिपाई झाला बुढा." मी भर उन्हातही ते जाकीट काढत नव्हतो.

काम सरळ होतं. चालत येणाऱ्यांना वाटेवर गाठायचं, हात लावायचा नाही, दुरून बोलायचं, आणि गावच्या शाळेत उतरवायचं. दुसऱ्या दिवशी संस्थेची गाडी येऊन त्यांना तालुक्याला तपासणीला नेणार.

पण गावानं शीव बांधली होती. रोगराई आली की आमचा गावपुजारी शिवेवर माहुलीच्या वेलाचा दोर आडवा बांधतो, त्याला कडुनिंबाचे डहाळे लावतो. दोर आहे तोवर बाहेरच्यानं आत यायचं नाही. शाळा दोराच्या पलीकडे, म्हणून तिथं माणसं उतरवायला पुजाऱ्याची हरकत नव्हती. अट एकच, आजारी माणूस नको.

त्या दिवशी ऊन कलताना कुरखेड्याकडची काही माणसं मला नाल्याजवळ भेटली. पुरुष, बाया, आणि आईच्या पदराला धरलेली एक पोरगी. प्रत्येकाच्या डोक्यावर लाल मिरचीचं गाठोडं. मजुरी म्हणून मिरचीच मिळालेली. मी पुढे, ते मागे, असे आम्ही शाळेपाशी आलो. दोराच्या आतल्या बाजूला अर्धं गाव बघायला जमलेलं. पोरगी थकून गाठोड्यावर बसली आणि खोकायला लागली.

"पोट्टी खोकलून राह्यली!" कोणीतरी ओरडलं.

"ऐकलो मी. बहिरा नाई," मी म्हणालो.

पुजारी पुढे आला. लहानपणी आम्ही दोघांनी एकत्र बैल चारलेले. "भाऊ, नेऊन टाक यायले," तो म्हणाला.

"कुठी नेऊ?"

"आले तिकडं."

"तिकडं वाघ आहे."

"अन् इथी लेकरं आहेत."

त्याचं भय खोटं नव्हतं. माझी स्वतःची नातवंडं त्याच्या मागे उभी होती. सूर्य सागाच्या शेंड्यावर टेकला होता. आता ही माणसं परत जंगलात गेली तर पोरगी सर्वांत मागे राहणार, आणि वाघ मागचंच माणूस उचलतो.

पोरीच्या आईनं तिच्या तोंडावर तळहात दाबून धरला. आतल्या आत खोकला कोंडून पोरीचं तोंड लाल झालं, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. ते मला बघवेना.

"मिरचीचा खोकला हाय जी आजा," आई म्हणाली. "गाठोडं उशाले घेऊन निजते. तिखट नाकातोंडात जाते."

मी गावाकडे वळलो. "मिरचीचा खोकला आहे. जागा द्या."

"तू डाक्टर आहेस काय?" पुजारी म्हणाला.

"नाई. पण मले मालूम आहे."

मला काहीही मालूम नव्हतं. मागून एक जण हसून बोलला, "मालूम आहे तं पी ना मंग तिच्या तुंब्यातलं पाणी!"

एवढ्या लोकांत मी 'मालूम आहे' म्हणून चुकलो होतो, आणि म्हटलेलं गिळायची मला सवय नाही. आईच्या खांद्यावर भोपळ्याचा तुंबा होता. पोरीनं नुकतंच त्याला तोंड लावलेलं. "नको जी आजा," आई म्हणत राहिली. मी तुंबा घेतला आणि प्यालो. पाणी कोमट होतं. ओठ चुरचुरले.

माझी बायको होती तिथंच मातीत खाली बसली.

पुजाऱ्यानं दोराची गाठ चाचपून पाहिली. म्हणाला, "बरं. मंग तूबी राह्य त्यायच्यासंग. सकाळी दोराजवळ ये, आम्ही सारे येतो. तू खोकलला का हे सारे बाहेर. अन् तूबी."

शाळेच्या खोलीत शिरलो तेव्हा मला कळलं की मी काय करून बसलो. मोबाईलवर संस्थेची बाई रडवेली झाली. "बाबा, हे काय केलंत तुम्ही?"

"केलं ते केलं. गाडी कधी येते?"

"उद्या दुपारी. सगळ्यांपासून दूर राहा. ताप आला तर लगेच सांगा."

पोरीचं अंग गरम होतं. आई म्हणाली, ऊन लागलं. मी पुन्हा विचारलं नाही, कारण दुसरं उत्तर मला नको होतं. खोलीभर मिरचीचा ठसका पसरला होता, म्हणून सगळी गाठोडी मी एकट्यानं उचलून व्हरांड्यात नेली. ती नेताना सगळी धूळ माझ्याच घशात गेली. आत खोल कुठेतरी केस अडकल्यासारखं टोचायला लागलं. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्याच गळ्याची भीती वाटली. हे टोचणं मिरचीचं की त्या पाण्याचं? थुंकी गिळत बसलो.

दिवेलागणीला बायकोनं दोराखालून आंबिलीचा डबा सरकवला.

"मराचं होतं तं घरी मराव," ती म्हणाली.

"दूर उभी राह्य."

ती दूर गेली नाही. मीच मागे सरकलो.

रात्र कशी गेली ते सांगण्यासारखं नाही. पोरगी खोकली की मी दचकायचो, आणि गप्प झाली की जास्त दचकायचो.

सकाळी ती झोपलेली होती. आई भिंतीला टेकून जागीच. मी मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या, जाकिटाची बटणं लावली आणि दोराजवळ गेलो. सगळं गाव आलेलं. घसा असा खवखवत होता की कोणी दोन क्षण माझ्याकडे नुसतं बघत राहिलं असतं तर मी संपलो असतो. म्हणून कोणी काही विचारायच्या आधी मीच बोलायला लागलो. शाळेचा नळ गळते त्याची लाज कोणाले हाय? चुलीले लाकडं काऊन नाई ठेवले? पाहुण्याले उपाशी निजवाले कोणत्या देवानं सांगतलं? पुजाऱ्याच्या बापानं एकदा आमचा बैल कोंडला होता, तेही काढलं.

"बस कर भाऊ," पुजारी हात जोडून म्हणाला. "राहू दे त्यायले."

कोणीतरी दोरावरून लाकडाची मोळी टाकली. मी तरी बोलतच राहिलो, माणसं पांगेपर्यंत. मग मोळी उचलून व्हरांड्यात ठेवली, शाळेच्या मागे पळसाच्या आड गेलो, खांद्यावरचा दुपट्टा तोंडात कोंबला आणि बरगड्या दुखेपर्यंत खोकलो.