शनिवारी सही न करणारा माणूस

त्या शनिवारची आठवण आली की आजही मला आधी स्वतःचाच राग येतो. चौलच्या बाजूच्या एका किनारी ठाण्यात मी प्रभारी अधिकारी म्हणून नुकताच हजर झालो होतो. मी घाटावरचा. गुन्हेगार ओळखायला शिकलो होतो, कोकण ओळखायचं अजून बाकी होतं.

मुंबईवर समुद्रमार्गे हल्ला झाल्याला फार वर्षं लोटली नव्हती. किनाऱ्यावर अनोळखी माणूस दिसला की खबर ठाण्यात यायचीच. बहुतेक वेळा तो वाट चुकलेला पर्यटक निघायचा. त्या सकाळी पर्यटकांना खोल्या देणारा एक वाडीवाला आला आणि म्हणाला, "साहेब, माझ्याकडं एक म्हातारा उतरलाय. पासपोर्ट इस्राएलचा हाय, पण बोलतो आपल्यावानी. दोन दिस झाले, विहिरीपासून दर्याकडं पावलं मोजतो आन कागदावर बघतो."

मी दोन शिपाई घेऊन गेलो. साठी उलटलेला, सावळा, किडकिडीत माणूस ओटीवर बसला होता. "ठाण्यात चला" म्हटल्यावर लगेच उठला. पण जीपमध्ये बसायला तयार होईना. "चालत येतो," म्हणाला. दोन किलोमीटर तो शिपायासोबत उन्हातून चालत आला. मला वाटलं, तोरा दाखवतोय.

त्याची बॅग आमच्या शिपायाने आणली होती. पंचांसमक्ष झडती घेतली. तीन वस्तूंनी माझा संशय वाढवला. एक, न वाचता येणाऱ्या लिपीत लिहिलेला कागद, मध्ये चाळीस, अकरा असे आकडे. दोन, सैनिक गळ्यात घालतात तशी धातूची पट्टी. आणि तीन, व्हिसाच्या अर्जाची प्रत. त्यात प्रश्न होता, आपण कधी सैन्यात नोकरी केली आहे काय? पुढे उत्तर होतं, नाही.

"ही पट्टी कोणाची?"

"माझीच."

"म्हणजे सैन्यात होतात."

"व्हतो. लढाईत व्हतो."

"मग अर्जात खोटं का लिहिलं?"

त्याने नजर कागदाकडे वळवली. मी कागद पुढे सरकवला. तो म्हणाला, "आयेच्या कबरीचा पत्ता हाय. मराठीच हाय, अक्षरं तिकडची. मूळ पत्राचे तुकडे झाले, म्हणून उतरून घेतला." मी विश्वास ठेवला नाही. एक खोटं सापडलं की पोलीस बाकीचं खरंही त्याच्याच रांगेत बसवतो. ही आमच्या खात्याची जुनी खोड, आणि माझी जरा जास्तच.

मी जबाब लिहून घेतला आणि सहीसाठी पेन पुढे केलं. त्याने हात मागे घेतला. "आज न्हाय. सांजचं आभाळात तीन चांदण्या दिसल्या की करतो."

मी चिडलो. "ठाणं तुमच्या चांदण्यांवर चालतं का?"

"न्हाय साहेब. पण मी चालतो."

त्याला बाकावर बसवून ठेवलं आणि जिल्ह्याला फोन लावायला घेतला. माझा हिशेब सरळ होता. खोटी माहिती दिलेला परदेशी माणूस, किनाऱ्याची मोजमापं, सहीला नकार. त्याचं विमान सोमवारचं होतं. मी अहवाल पाठवला असता तर तो चौकशीतच अडकला असता आणि पुन्हा या देशात त्याला कोणी पाऊल ठेवू दिलं नसतं.

तेवढ्यात दुपारपाळीचे हवालदार आले. निवृत्तीला आलेले, इथलेच. त्यांनी बाकाकडे पाहिलं, मला काय झालं ते विचारलं आणि हळूच म्हणाले, "साहेब, गाडीत बसत न्हाय, पेन धरत न्हाय. आज वार कोणता?"

"शनिवार."

"मग हा शनवार तेली हाय. ह्यांचे तेलाचे घाणे व्हते आमच्याकडं. यहुदी लोक. शनवारी चांदण्या दिसंपर्यंत घाणा बंद, चूल बंद, काय म्हणजे काय करायचे न्हाय. आता सगळी तिकडं गेली."

मी फोन खाली ठेवला.

मग त्याच बाकावर त्याच्याशेजारी बसलो आणि पुन्हा पहिल्यापासून विचारलं. या वेळी तो बोलला. बाप लहानपणीच गेला. आई घाणा चालवायची. गिरणीचं तेल आलं, घाणा बसला, घरात एक वेळची पेज उरली. तो दहा वर्षांचा असताना नातलग देश सोडून निघाले, तेव्हा आईने त्याला त्यांच्यासोबत बोटीत चढवलं. "तिकडं पोटभर मिळंल, मी मागून येते," म्हणाली. तिचे कागद कधी झालेच नाहीत. एकोणिसाव्या वर्षी त्याच्या हातात बंदूक आली, नंतर लढाई आली. आईने इथे नवस बोलला, पोरगा जिता परत आला तर मलिदा करीन. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, फळं, असा त्यांचा नवसाचा प्रसाद. तो लढाईतून जिवंत परतला तेव्हा शेजाऱ्यांचं पत्र येऊन पडलं होतं. आई गेली. पुढे कबरीचा पत्ता, पावलांत.

"मग अर्जात नाही का लिहिलंत?"

"व्हय लिव्हलं असतं तर इचारलं असतं, काय केलं, कुठं केलं. मी घरात बायकोला बी सांगितलं न्हाय. जे सांगायचं ते पयलं आयेला सांगायचं."

मी खरोखर खजील झालो होतो.

उन्हं कलल्यावर तो, हवालदार आणि मी चालतच वाडीत गेलो. ते पत्र पाठवणाऱ्या शेजाऱ्याची मुलगी, आता सत्तरीला टेकलेली, तिथेच राहते हे हवालदारांना ठाऊक होतं. हवालदारांनी तिला काही सांगायच्या आत मी थांबवलं. पोलीस तो पोलीसच, खात्री करायची होती. मी त्यालाच विचारलं, "शनिवारी तुमच्या घरची चूल कोण पेटवायचं?"

"शेजारची पोर यायची. कुंपणावरून हात टाकून आय तिला गुळाचा खडा द्यायची."

म्हातारी दारात उभी होती. ती म्हणाली, "खडा न्हाय रं, भुकटी. खडा तुला ठेवायची ती." मग म्हणाली, "तू भलत्याच विहिरीपास्न मोजतोस. घाण्याची विहीर रस्त्यात बुजवली. चल."

वाडीच्या कडेला चार-पाच दगड होते, एकावरही नाव नव्हतं. तिसऱ्याभोवती गवत नव्हतं. "वाडी झाडते तवा हितलं बी झाडते," ती म्हणाली. आम्ही मागे सरलो. तो दगडाजवळ बसून बराच वेळ बोलत राहिला. काय बोलला ते मी ऐकलं नाही, आणि ऐकायचा माझा अधिकारही नव्हता. तीन चांदण्या दिसल्यावर त्याने स्वतःहून पेन मागितलं आणि मी सोबत आणलेल्या जबाबावर सही केली.

रविवारी म्हातारीच्या ओटीवर मलिदा झाला. माझ्याही वाट्याला आला. धातूची पट्टी तो दगडाखाली पुरून गेला. खोट्या माहितीचा अहवाल मी लिहिला, नियम मोडला नाही. मात्र तो सोमवारी दुपारच्या साध्या टपालाने पाठवला.

गेल्या वर्षी मुलीकडे परदेशी जायचं म्हणून मी व्हिसाचा अर्ज भरत होतो. त्यात प्रश्न आला, आपण कधी सैन्यात किंवा पोलिसांत होता काय? पुढे, कामाचा तपशील द्या. तेहतीस वर्षांची नोकरी. कोठडीतले काही चेहरे डोळ्यांपुढे आले, एकदोनदा चाललेली गोळी आली. मी 'होय' लिहिलं. तपशिलाच्या रकान्यात ठाण्यांची नावं भरली. आणि जे तिथे लिहिता येणार नव्हतं, ते सांगायला आता माझीही आई नाही.