गाजर-डाळीचा डबा

गाजर आणि मूगडाळ एकत्र शिजल्याचा गोडसर वास आला की मला उमरखेडचं ते लग्न आठवतं आणि डोकं तापतं. मुलगी तेव्हा दहा महिन्यांची होती. प्रवासात तिचे हाल नकोत म्हणून मी सकाळी गाजर-डाळ शिजवली, पुरणयंत्रातून काढली, वर तूप घालून स्टीलच्या डब्यात भरली आणि आम्ही पुसदहून एसटीने निघालो. मंडपात मी डबा उघडला, तोच नवऱ्याच्या आत्यांनी तो हातातून ओढला. "हे काय बिमाराचं खाणं? लग्नाघरी लेकराले असं कायले चारून राह्यली?" असं म्हणत त्यांनी सगळं उष्ट्या पत्रावळींवर ओतलं आणि मी अडवायच्या आत मुलीच्या तोंडात बुंदी कोंबली. मुलीचा श्वासच अडकला. मी तिला हातावर पालथी घेऊन पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हा कुठे बुंदी बाहेर पडली आणि तिने टाहो फोडला. आत्या शांतपणे म्हणाल्या, "नजर लागली पोरीले." "नजर नाही लागली आत्याबाई, तुमची बुंदी घशात अडकली तिच्या!" मी सगळ्यांदेखत ओरडले. निघताना नवरा कानाशी येऊन म्हणाला, "जाऊ दे ना, मोठं माणूस हाय. पाया पड अन् माफी माग." मी वाकले. माफीही मागितली. मुलगी आता तिसरीत आहे. आत्याबाईंवरचा राग केव्हाच ओसरला, पण काही चूक नसताना मी वाकले कशाला, हा स्वतःवरचा राग अजून जात नाही.