कूर्चासर आणि काकूंचा गुडघा

मटणाच्या जेवणाला कूर्चासरांच्या शेजारी बसायला कुणी धजत नसे. आपण नळी चोखून बाजूला ठेवली रे ठेवली, की सर ती थेट आपल्या ताटातून उचलत आणि तिच्या टोकावरचा पांढरा, गुळगुळीत थर नखानं खरवडून दाखवत. "ही कूर्चा पाह्य गा! हिले रक्तच नाही. म्हणून एकदा झिजली का भरून येतच नाही." समोरच्याची भूक तिथंच मेलेली असे. सरांची मात्र वाढत असे.

नागपूरच्या एका मेडिकल कॉलेजात सर शरीररचना शिकवत आणि मी त्यांच्या हाताखाली होतो. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. झिजलेली कूर्चा काचेच्या ताटलीत वाढवायची आणि परत गुडघ्यात बसवायची, असं त्यांच्या डोक्यानं घेतलं होतं. कारण घरातच होतं. काकूंना, म्हणजे आपल्या बायकोला, स्कूटरवरून त्यांनीच पाडलं होतं आणि गुडघा गेल्यामुळे तेव्हापासून काकूंना दुसऱ्या मजल्यावरच्या घराचा जिना उतरवत नव्हता. "म्याच पाडलं, मीच भरून देईन," सर म्हणत. काकू बिचाऱ्या खिडकीतून भाजीवाल्याशी भांडत, तेवढीच त्यांची करमणूक.

सरांनी 'टिश्यू कल्चर'साठी, म्हणजे पेशी वाढवायला, खोली मागितली. आमचं कार्यालय म्हणजे महाविद्वान! कल्चर म्हणजे सांस्कृतिक, असं ठरवून त्यांनी सरांना गॅदरिंगचं प्रमुख केलं आणि नाटकाचे पडदे ठेवायची खोली दिली. सर तरीही खूश. तिथंच सशाच्या पेशी वाढवायचे, तिथंच पोरांची नाटकं बसवायचे. पेशी सडत, नाटकं पडत.

पेशींना सदतीस अंशांची ऊब लागते. त्यासाठी बाकीच्या जगात तापणारी पेटी पुरते. आमच्याकडे मे महिन्यात खोलीच पंचेचाळीसवर, त्यामुळे पेटीसमोर वाळ्याचा कूलर लावावा लागे. जावयाचीसुद्धा एवढी बडदास्त कुणी ठेवत नसेल! अखेर एका उन्हाळ्यात मसुराच्या डाळीएवढी कूर्चा धरली. सर घरी जाऊन काकूंना सांगून आले, "आधी सशाले, मंग तुले!"

आणि दुसऱ्याच दिवशी भर दुपारी लाइन गेली, कूलर बंद पडला. आम्ही पेटीला ओले टॉवेल गुंडाळले, पुठ्ठ्यानं वारा घातला. संध्याकाळी लाइन आली तेव्हा ताटलीत नुसतं गढूळ पाणी होतं. "खतम गा," एवढंच सर बोलले.

मी त्यांना घरी सोडायला गेलो. काकूंसमोर सर अक्षरशः हमसून रडले. काकूंनी त्यांना रडू दिलं आणि मग म्हणाल्या, "पेशी मेल्या नं? मी मेली काय? अहो, इतके वर्षं मी वरतीच बसून राहिली. खालचं घर पाहाचं काहून नाही सुचलं तुमाले?"

खरं सांगतो, मलाही ते कधी सुचलं नव्हतं.

महिन्याभरात दोघं शहराबाहेर हुडकेश्वरला तळमजल्याच्या घरात गेले. तेव्हा तिथं नुसती शेतं होती. सरांनी तो प्रयोग पुन्हा केला नाही. कॉलेजनं त्यांना नापास ठरवलं; कॉलेजला तेवढंच जमतं. सर जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि मला त्यांची फार आठवण येते. त्या तळमजल्याच्या घरातून रोज संध्याकाळी काकू काठी टेकत फिरायला निघत आणि धडधाकट गुडघ्यांचा तो माणूस त्यांच्या पावलाला पाऊल जुळवत इतका हळू चाले, की मागून आलेली बैलगाडीसुद्धा त्यांना ओलांडून पुढं जाई.