व्हर्नाचा हक्काचा माणूस

डेटन गावात ज्यांचं आडनाव टी अक्षराने सुरू होतं आणि ज्यांचे घराचे हप्ते थकले होते, त्यांना व्हर्ना ट्रिप्लेटचा आवाज आईच्या आवाजाइतका ओळखीचा होता. हार्टवेल होम लोन्सच्या दुसऱ्या मजल्यावर ती बसायची. हार्टवेल स्वतः कुणाला दमडी देत नसे. दुसऱ्यांनी दिलेल्या घरकर्जांचे हप्ते गोळा करायचे, एवढाच कंपनीचा धंदा. मोटारींचे कारखाने बंद पडल्यापासून निम्म्या गावाचे हप्ते अडले होते, आणि अशा लोकांची घरं लिलावात जाऊ नयेत म्हणून हप्ता कमी करून द्यायचा, हे व्हर्नाचं काम.

त्याआधी ती एका शाळेच्या स्वयंपाकघरात होती. पोरांच्या ताटात डाव आपटून वाढायची सवय तिच्या बोलण्यात तशीच राहिली होती.

"मिस्टर थॉर्न, पगाराची पावती परत पाठवा."

"मागच्या महिन्यात पाठवली की बाई."

"ती शिळी झाली."

"कागद कसा शिळा होईल?"

"आमच्याकडे दुधाच्या आधी होतो. पाठवा, मी फॅक्सजवळ उभी राहते."

आणि ती खरंच उभी राहायची. त्या यंत्रावर तिचा काडीचा विश्वास नव्हता, आणि बरोबरच होतं, कारण आजवर जिल्ह्यातले कितीतरी कागद त्याने गिळले होते आणि ढेकरही दिला नव्हता.

घर वाचवायला कोणती कंपनी कितपत मदत करते, याचे गुण वॉशिंग्टनहून ठरू लागले तेव्हा दुसऱ्या मजल्याची झोप उडाली. तपासनीस यायचे, फायली उपसायचे आणि जाताना तीनपैकी एक शेरा मारायचे: किरकोळ सुधारणा हवी, मध्यम सुधारणा हवी, मोठी सुधारणा हवी. 'छान' असा शेराच नव्हता. पहिल्या खेपेला हार्टवेलला 'मोठी' मिळाली. पुन्हा तीच मिळाली तर या कामासाठी सरकार देतं ते पैसे अडवणार आणि मालक इथलं दुकान बंद करून काम टेक्ससला नेणार, असं मजल्याचा साहेब ब्रेंट हॉलोवे सगळ्यांना सांगत फिरायचा. ब्रेंट वयाने व्हर्नाच्या मुलासारखा. माणूस वाईट नव्हता, पण घाबरलेला होता, आणि घाबरलेल्या साहेबासारखा ताप दुसरा नाही.

तपासनिसांचा सगळ्यात मोठा राग एका गोष्टीवर होता. कर्जदाराने फोन केला की दर वेळी नवाच माणूस उचलतो आणि त्या बिचाऱ्याला पहिल्यापासून सगळं रामायण सांगावं लागतं. म्हणून नियम निघाला की प्रत्येक कर्जदाराला एकच माणूस, नावानंबरासकट. कंपनीने पत्रांत त्याचं नाव ठेवलं 'तुमचा हक्काचा माणूस'. तो बदलला तर गुण कापणार. त्याने फोनला उत्तर दिलं नाही तर आणखी कापणार. ब्रेंटने आडनावाच्या अक्षरावरून वाटणी केली आणि टीची सगळी पलटण व्हर्नाच्या पदरात टाकली.

इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. व्हर्नाच्या स्वतःच्या घराचं कर्ज गावातल्या एका छोट्या बँकेचं होतं. बँकेने तिला न विचारता ते वसुलीसाठी हार्टवेलकडे देऊन टाकलं, आणि एका संध्याकाळी तिच्या घरी पत्र आलं. श्रीमती ट्रिप्लेट, आपले हप्ते थकले आहेत, परंतु काळजी नसावी. तुमचा हक्काचा माणूस: व्हर्ना ट्रिप्लेट.

ती ओट्याला टेकून हसली. मग पत्र पुन्हा वाचलं आणि हसू आटलं. कंपनीचा दुसराही एक नियम होता: नोकराने स्वतःची फाईल उघडायची नाही, उघडली तर नोकरी गेली. म्हणजे ती फाईल बघायचं काम जगात एकट्या तिचं होतं, आणि बघायची बंदीही जगात एकट्या तिलाच. माणूस बदलून मागायची सोय होती, नाही असं नाही. त्या अर्जाला हक्काच्या माणसाची मंजुरी लागायची, आणि मंजुरी द्यायला फाईल उघडावी लागायची.

ती ब्रेंटकडे गेली.

"ब्रेंट राजा, माझी फाईल माझ्याचकडे आलीय. दुसऱ्या कुणाला तरी दे."

"तपासणी होऊन जाऊ द्या. लगेच देतो."

"आणि तोवर?"

"व्हर्ना, माणूस बदलला की गुण जातात. अख्ख्या मजल्यावर टी हे एकच अक्षर असं आहे की जिथे कुणी बदललेलं नाही. तेवढंच एक माझ्याकडे दाखवायला आहे. तुम्हाला घाई आहे का?"

घाई होती. पण "छे, तसं काही नाही," असं व्हर्ना म्हणाली, आणि तिथेच ती चुकली. नवरा, डेल, गेल्यापासून त्याची पेन्शन बंद झाली होती, आणि साठवलेलं सगळं त्याच्या आजारपणात आधीच संपलं होतं. ऑफिसात पैशांचं हे कुणाला ठाऊक नव्हतं. दफनानंतर ती कामावर आली ती चीज घातलेल्या बटाट्यांचं मोठं भांडं घेऊन, आणि सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं होतं. गावाची घरं वाचवणाऱ्या बाईचंच घर चाललंय, हे तोंडातून निघेना. तिला लाज वाटत होती.

मग नियमात बसेल ते तिने केलं. रात्रीचं जेवण झाल्यावर घरून ऑफिसच्या नंबरावर निरोप ठेवायचा: "मी व्हर्ना ट्रिप्लेट, माझ्या फाईलचं काय झालं?" सकाळी ऑफिसात येऊन तो ऐकायचा. निरोपाला त्याच दिवशी उत्तर द्यायचं बंधन, म्हणून घरी फोन लावायचा. घरात मांजराशिवाय कुणी नाही, त्यामुळे निरोपाच्या यंत्रावरच बोलायचं: "मिसेस ट्रिप्लेट, आपला निरोप मिळाला. सध्या मला काही करता येत नाही. आपला दिवस छान जावो." संध्याकाळी हे ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

"काय उद्धट बाई आहे," ती मांजराला म्हणायची.

शेजारच्या टेबलावरच्या टमेकाने एकदा विचारलंच. "रोज सकाळी हा फोन कुणाला गं?"

"आहे एक टी. कागदच पाठवत नाही मेली."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करणार कुणाकडे? त्यात घरं लिलावात काढणारा कंपनीचा विभाग नदीपलीकडच्या इमारतीत बसायचा. दुसऱ्या मजल्यावर कोण काय वाचवतंय याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्याने आपलं काम चोख केलं, आणि कोर्टाचं पत्र आलं: तपासणीच्या पुढच्या मंगळवारी शेरीफ ट्रिप्लेटबाईंचं घर लिलावात काढणार.

तपासणीच्या दिवशी ब्रेंटने डोनट मागवले. तपासनिसांना कंपनीचं काही खायची परवानगी नव्हती, ते सगळ्यांत आधी कळलं. त्यांची प्रमुख मिस यान्सी, सडपातळ, हळू बोलणारी. घरून आणलेलं उकडलेलं अंडं सोलता सोलता तिने ब्रेंटला बोलावलं.

"तुमच्याकडे एक फाईल आहे, तिला पूर्ण गुण पडतात. माणूस एकदाही बदललेला नाही. कर्जदाराच्या प्रत्येक फोनला त्याच दिवशी उत्तर. असं मी कुठल्याच कंपनीत बघितलेलं नाही."

"आमची पद्धतच तशी आहे, मॅडम," ब्रेंट फुलून म्हणाला.

"मग मला त्या कर्जदाराशी बोलायचंय. आणि नंतर त्यांच्या माणसाशी. ट्रिप्लेट."

फुगा फुटायला एवढंच आडनाव पुरलं. ब्रेंटने व्हर्नाला जिन्यात गाठलं.

"व्हर्ना, हात जोडतो. दोन्ही बाजूंनी गोड बोला. 'मोठी' मिळाली तर टेक्सस. मग तुमची नोकरी नाही, माझी नाही, टमेकाची नाही."

इकडे आड, तिकडे विहीर. खरं बोलावं तर नोकरी जाणार आणि नोकरीमागून घर. गोड बोलावं तर फाईल कौतुकाची ठरणार आणि मंगळवारी घर विकलं जाणार. व्हर्ना स्वेटरची बटणं लावून आत गेली.

"बसा, मिसेस ट्रिप्लेट," मिस यान्सी म्हणाली. "तुमचा हक्काचा माणूस इमारतीत आहे का?"

"आहे."

"त्यांना लांब थांबायला सांगा. त्यांच्यासमोर तुम्हाला मोकळं बोलता येणार नाही."

"ते जरा अवघड आहे, बाई. ती मीच."

मिस यान्सीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. याला काय करायचं ते वॉशिंग्टनने तिला सांगितलेलं नव्हतं. पण दोन मुलाखती म्हणजे दोन मुलाखती.

"असं करू. आता कर्जदार म्हणून बोला. मग बाहेर जा आणि कर्मचारी म्हणून आत या. तुमच्या माणसाची तुम्हाला मदत झाली?"

व्हर्ना गोड बोलायचं ठरवूनच तोंड उघडत होती. पण इतक्या दिवसांत 'तुम्हाला काय झालं' असं पहिल्यांदाच कुणीतरी तिला विचारत होतं, आणि साठलेलं सगळं भसाभस बाहेर आलं.

"काडीची नाही. रोज फोन करते आणि रोज सांगते, काही करता येत नाही. वर दिवस छान जावो म्हणते. असल्या बाईला पगार कोण देतं?"

"आणखी काही?"

"आवाजही आवडत नाही मला तिचा."

बाहेर पाण्याच्या पिंपाशी ब्रेंट उभा होता. "झालं?" त्याने विचारलं.

"निम्मं," व्हर्ना म्हणाली, आणि दार वाजवून पुन्हा आत गेली.

"या, बसा," मिस यान्सी म्हणाली, जणू पहिल्यांदाच बघतेय. "ही कर्जदार तुम्हाला कितपत माहीत आहे?"

"बऱ्यापैकी."

"हप्ते का थकले, विचारलंत तिला?"

टीच्या प्रत्येक माणसाला व्हर्ना सगळ्यात आधी हेच विचारायची. स्वतःला तिने एकदाही विचारलं नव्हतं.

"नवरा गेला तिचा," ती म्हणाली. "दोघांच्या पैशांवर चालणारं घर, एकीच्या पगारात कसं चालेल? पण सांगत नाही कुणाला. त्याने जिना रंगवायला घेतला होता, पाच पायऱ्या राहिल्या. रंग पडलाय तसाच. ती काही रंगवायची नाही. घर विकलं गेलं तर त्या राहिलेल्या पायऱ्या नवा मालक रंगवेल, आणि तेवढं तिला सोसणार नाही. मंगळवारी लिलाव आहे, बाई. मला तिचं काही करता येत नाही. कुणाला तरी द्या तिला."

मिस यान्सीचं पेन थांबलं होतं. तिने विचारलं, "मिस्टर हॉलोवेंना लिलावाचं माहीत आहे?"

"आता कळलं असेल. दाराला कान लावून उभा आहे तो."

दारापलीकडे काहीतरी गडबडीने हललं.

शेरा 'मोठी सुधारणा हवी' असाच आला. ब्रेंटने तो वाचला आणि टाय सैल केला. नदीपलीकडच्या इमारतीत मिस यान्सीने स्वतः फोन लावला होता: ज्या कर्जदाराची फाईल कुणी उघडूनही बघितली नाही, तिचं घर विकता येणार नाही. लिलाव थांबला. टेक्ससचं काय ते मालक ठरवणार होते. फाईल ब्रेंटने स्वतःकडे घेतली आणि टीचेही गुण गेले.

पुढच्या आठवड्यात व्हर्नाच्या टेबलावरचा फोन वाजला. काचेपलीकडे आपल्या खोलीत बसलेला ब्रेंट तिला इथून दिसत होता, पण कर्जदाराला फोनच करायचा, असा नियम.

"मिसेस ट्रिप्लेट, मी ब्रेंट हॉलोवे. तुमचा हक्काचा माणूस."

"दिसतोयस मला."

"तुमचा हप्ता कमी झालाय. तुमच्या पगारात बसेल इतका. घर कुठेही जात नाही." मग तो काचेतून तिच्याकडे बघत म्हणाला, "दफनाला आलो होतो मी, व्हर्ना. त्यानंतर तुम्हाला एकदाही काही विचारलं नाही."

"पुन्हा सांग."

"दफनाला आलो होतो, आणि—"

"ते नाही रे. घराचं सांग."

ब्रेंटने पुन्हा सांगितलं. तिने आणखी एकदा सांगायला लावलं. तो आता काचेपलीकडे उठून उभा राहिला होता, आणि व्हर्ना फोन कानाशी तसाच धरून सगळ्या मजल्यादेखत रडत होती.